ओळ दोनशे एकतीस, आणि 'नो पार्स'

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. दिवेलागणीच्या वेळेला वाळपईहून मामाचा फोन. "बाय, तुझा तो प्रोग्राम काहीतरी इंग्रजीत बोलतो आणि बंद पडतो. दारात चार माणसं पैशांसाठी उभी आहेत, काय करू सांग." मी म्हटलं काय लिहून आलंय ते वाचून दाखव, तर त्याने चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं, पी, आर, ई, एल... शेवटी कळलं की 'प्रिल्यूड डॉट रीड, नो पार्स', म्हणजे मजकूर वाचता आला नाही. एवढंच. ओळ कुठली ते नाही, कॉलम कुठला ते नाही, काय वाचता आलं नाही तेही नाही. आणि हा प्रोग्राम दुसऱ्या कुणाचा नाही, मीच लिहिलेला.

आधी थोडं सांगते म्हणजे पुढचं समजेल. मामा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या बागायतदारांकडून काजूबिया घेतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून ते पाऊस लागेपर्यंत साधारण तीन महिने घरात दुसरा विषयच नसतो. बोंडू, म्हणजे काजूची फळं, दारूच्या भाटीवर जातात, त्याचा नीरो, हुर्राक, फेणी हा वेगळा संसार, आणि बिया पोत्यांतून मामाच्या काट्यावर येतात. कोणी सहा किलो आणतं कोणी साठ. काहींनी आधीच उचल घेतलेली असते, ती कापायची असते. मामेबहीण हे सगळं स्प्रेडशीटमध्ये भरते, शनिवारी त्याची सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल करते, आणि माझा प्रोग्राम ती फाइल वाचून प्रत्येकाची चिठ्ठी काढतो, एकूण वजन, दर, उचल, हातात किती. साधारण तीनशे ओळींचा, हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेतला, कमांड देऊन चालवायचा प्रोग्राम. मी हॅस्केल शिकत होते तेव्हा लिहिलेला, दोन सीझन नीट चालला, म्हणून मी त्याच्याकडे परत वळून बघितलंच नव्हतं.

त्या रात्री मी फाइल मागवून घेतली. ४१२ ओळी. आता चूक कुठल्या ओळीत ते प्रोग्राम सांगत नाही म्हटल्यावर मी काय केलं, तर फाइल अर्धी कापली, वरचा अर्धा भाग चालवला, चालला, मग खालच्यातला अर्धा, असं करत करत नवव्या खेपेला सापडली. ओळ २३१. वजनाच्या घरात अठरा लिहिलं होतं, पण देवनागरी आकड्यांत. मामेबहीण त्या दिवशी म्हापशाला गेलेली, मामाने स्वतः मोबाइलवरून भरलं होतं, आणि त्याचा कीबोर्ड मराठी.

आता यात मामाची काय चूक? माझ्या मते काहीच नाही. माणसाने आपल्या भाषेत आकडा लिहिला, तो आकडा अगदी बरोबर आहे, कुणालाही वाचता येतो. हॅस्केलमधलं रीड, म्हणजे मजकुरातून आकडा वाचणारं फंक्शन, मात्र फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. डेटा डॉट कॅर मॉड्यूलमध्ये दोन फंक्शन्स आहेत, इझडिजिट आणि इझनंबर. देवनागरी आठाला इझनंबर हो म्हणतं आणि इझडिजिट नाही म्हणतं, कारण इझडिजिट फक्त आस्की या जुन्या इंग्रजी अक्षरसंचातले दहा आकडे मानतं. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या अक्षरसंचात देवनागरी शून्याचा नंबर २४०६ आणि नऊचा २४१५, ओळीने लागून आहेत, त्यामुळे २४०६ वजा केले की झालं, चार ओळींचं फंक्शन. ते मी त्याच रात्री टाकलं. मामाची चार माणसं तोवर घरी गेली होती, दुसऱ्या दिवशी परत आली. सहा-सात किलोमीटर चालत येणारी माणसं त्यात असतात, म्हणून मला ते लागलं. नुसता प्रोग्राम बंद पडला असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं.

मग रविवारी बसले आणि ठरवलं की आता हे नीट करायचं. पहिली पायरी सगळ्यांना माहीत असलेली, रीड काढायचं आणि रीडमेबी घालायचं. रीडला जमलं नाही की ते प्रोग्रामच पाडतं, रीडमेबी जमलं तर जस्ट आणि किंमत देतं, जमलं नाही तर नथिंग देतं आणि पुढचं काय करायचं ते तुमच्या हातात ठेवतं. हे २०१२ पासून जीएचसी या हॅस्केलच्या कंपायलरबरोबरच येतं, वेगळं पॅकेज लागत नाही. जीएचसी ९.८ पासून हेड किंवा टेल (रिकाम्या यादीवर पडणारी फंक्शन्स) वापरलं तर कंपायलर स्वतःहून वॉर्निंग देतो, पण रीडबद्दल तो काही बोलत नाही, तेव्हा स्वतःच शोधून काढावं लागतं. माझ्या तीनशे ओळींत रीड अकरा ठिकाणी होतं.

मला वाटलं झालं काम. पण तेव्हाच मामेबहिणीने एक प्रश्न विचारला आणि खरं दुखणं तिथे निघालं.

ती बीकॉम झालेली आहे. ओली बी आली, किंवा भेसळ निघाली, की माल परत जातो, आणि परत गेलेला माल ती कंसात लिहिते. बारा किलो परत म्हणजे कंसात बारा. हिशेबाच्या वह्यांत उणे रक्कम कंसात लिहायची पद्धतच आहे, कॉलेजात तसंच शिकवतात. तिने विचारलं, "ताई, कंसातलं वजा होतं ना गं?" मी म्हटलं नाही, तसं असतं तर एरर आली असती, तू वजाचं चिन्ह लाव. ती म्हणाली, "एरर नाही येत. कधीच नाही आली."

मी ताबडतोब जीएचसीआय, म्हणजे कोड लगेच चालवून बघायची खिडकी, उघडून बघितलं. रीडमेबीला कंसात बारा दिलं आणि इंट, म्हणजे पूर्णांक, मागितला. उत्तर आलं, जस्ट बारा. अधिक बारा! कारण रीड हे मुळात हॅस्केलच्या कोडमध्ये जशी किंमत लिहितात तशी वाचायला केलेलं आहे, आणि कोडमध्ये कंसातला बारा म्हणजे बाराच. म्हणजे जो माल परत गेला त्याचे पैसे आम्ही कापायचे सोडून वर दिले होते. बारा किलो वजा व्हायचे ते अधिक झाले, म्हणजे फरक चोवीस किलोचा, त्या आठवड्याचा दर १३० धरला तर ३१२० रुपये, एका माणसाच्या एका चिठ्ठीत. मी गप्पच बसले. दोन सीझन 'नीट चालला' म्हणत होते तो हाच प्रोग्राम.

त्यानंतर मी बसून रीड अजून काय काय गिळतं ते एकेक करून बघितलं. पुढेमागे मोकळ्या जागा असलेला आकडा घेतं, ते ठीक आहे. शून्य एक्स लावून लिहिलेला हेक्साडेसिमल आकडा घेतं. डबल, म्हणजे दशांशाचा आकडा, मागितला तर 'नॅन' आणि 'इन्फिनिटी' हे शब्दसुद्धा आकडा म्हणून घेतं, म्हणजे वजन इन्फिनिटी किलो चालतं. उलट दशांश चिन्हाच्या आधी शून्य नसेल, नुसतं पॉइंट पाच, तर घेत नाही. आणि आपल्याकडे लाखाला देतो तसा स्वल्पविराम दिला, १,२५,०००, तर तेही नाही. सर्वात वाईट म्हणजे इंटमध्ये न मावणारा मोठा आकडा दिला, वीस अंकी वगैरे, कुणीतरी फोन नंबर आणि वजन चुकून एका घरात चिकटवलं तर येतो तसा, तर रीडमेबी नथिंग देत नाही, आकडा गुंडाळून भलताच करून जस्टमध्ये देतं, कधीकधी उणेसुद्धा. इंटेजर, म्हणजे कितीही मोठा पूर्णांक, मागितला की हे होत नाही, म्हणून आधी इंटेजर वाचायचा, मर्यादेत आहे का बघायचं, मगच पुढे.

तर माझं मत इथे बदललं. 'नो पार्स' ही वाईट एरर आहे, पण निदान ती खोटं बोलत नाही, तिने मामाला त्या संध्याकाळी अडवलं आणि अडवलं म्हणून पैसे चुकीचे गेले नाहीत. चूक पोटात घालून हसतमुखाने चिठ्ठी काढून देणारा प्रोग्राम त्याहून कितीतरी वाईट, कारण त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. मी तोपर्यंत एरर कमी करायच्या मागे होते, आता एरर वाढवायच्या मागे लागले, योग्य जागी, योग्य शब्दांत.

म्हणून रीडमेबी पण काढलं. वजनासाठी छोटासा पार्सर, म्हणजे मजकूर वाचून किंमत काढणारा कोड, हाताने लिहिला. देवनागरी किंवा इंग्रजी आकडे, हवं तर दशांश चिन्ह आणि पुढे जास्तीत जास्त तीन घरं, पुढेमागे मोकळी जागा, मध्ये स्वल्पविराम, आणि बाहेरून कंस असेल तर उणे. बस, बाकी काही नाही. आत ते ग्रॅममध्ये पूर्णांक म्हणून ठेवलं, पैसे पैशांत पूर्णांक म्हणून, डबल कुठेच नाही. आणि वजन नावाचा वेगळा टाइप (न्यूटाइप) केला ज्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे तो बनवायची वाट, मॉड्यूलबाहेर दिलाच नाही, म्हणजे या पार्सरमधून गेल्याशिवाय वजन तयारच होत नाही, आणि एकदा तयार झालं की आतल्या कुठल्याही फंक्शनला ते परत तपासावं लागत नाही. दर, उचल, तारीख सगळ्यांचं तसंच. पूर्वी माझ्या कोडमध्ये वजन मर्यादेत आहे का हे पाच ठिकाणी बघितलं होतं आणि सहाव्या ठिकाणी राहून गेलं होतं, आता दारातच एकदा बघायचं.

तारखेची कथा पण तशीच निघाली. टाइम पॅकेजमध्ये फ्रॉमग्रेगोरियन आहे, वर्ष महिना दिवस दिला की तारीख देतं. त्याला ३१ एप्रिल दिलं तर? एरर नाही. ते गपचूप ३० एप्रिल करतं. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की मर्यादेबाहेरची किंमत मर्यादेत आणली जाईल, मीच वाचलं नव्हतं. बाजूलाच फ्रॉमग्रेगोरियनव्हॅलिड बसलेलं आहे, जे न जमणाऱ्या तारखेला नथिंग देतं, तेच वापरायला हवं होतं. ३१ एप्रिल कोण लिहितं असं वाटेल, पण १ मेची एंट्री करताना वरची ओळ खाली ओढली आणि हाताने एक वाढवला की ३१ एप्रिल होतं, जुन्या फाइल्समध्ये अशा चार होत्या.

आणि दिवस-महिना उलटापालटा. मामाच्या घरी दोन लॅपटॉप, एकाची सेटिंग भारतीय, दुसऱ्याची अमेरिकन. दुसऱ्यावर ३/४ टाईप केलं की ते ४ मार्च होतं, आणि १३/४ टाकलं तर तेरावा महिनाच नसल्यामुळे तसंच मजकूर म्हणून पडून राहतं. म्हणजे एकाच फाइलमध्ये निम्म्या तारखा उलट आणि निम्म्या सुलट. हे कुठलाही पार्सर ओळखू शकत नाही, ४ मार्च ही बिलकुल धडधाकट तारीख आहे. इथे एरर देता येत नाही, पण शंका घेता येते. पोती आली त्या क्रमाने ओळी भरलेल्या असतात, म्हणून एखादी तारीख वरच्या आणि खालच्या दोन्ही ओळींपासून दहा दिवसांहून लांब असेल तर प्रोग्राम सूचना देतो, 'ही तारीख एकदा बघून घ्या'. चिठ्ठ्या थांबवत नाही. चूक आणि शंका हे दोन वेगळे टाइप केले, चूक असेल तर काम होणार नाही, शंका असेल तर होईल पण सांगून होईल. उचल एकूण रकमेपेक्षा जास्त झाली तर तीही शंकाच, कारण मामा कधीकधी लग्नाकार्याला खरंच जास्त उचल देतो.

आता सगळ्या चुका एकदम सांगण्याबद्दल. आधी मी सगळं आयदरवर लिहिलं होतं, म्हणजे एकतर चूक (लेफ्ट) नाहीतर उत्तर देणाऱ्या टाइपवर, आणि डू नोटेशनमध्ये, म्हणजे पायऱ्या एकाखाली एक लिहून, आधी तारीख, मग नाव, मग वजन, मग दर. दिसायला सुंदर. पण आयदर मोनाड म्हणून, म्हणजे पायरीमागून पायरी जोडायला, वापरला की पहिल्या लेफ्टला थांबतो. थांबणारच, कारण मोनाडमध्ये पुढची पायरी आधीच्या उत्तरावर अवलंबून असू शकते आणि उत्तरच आलं नाही तर पुढे जाणार कसं. म्हणजे मामेबहीण एक चूक दुरुस्त करणार, सेव्ह करणार, चालवणार, दुसरी चूक, परत. त्या फाइलमध्ये १४ ओळींत मिळून २६ चुका होत्या, म्हणजे सव्वीस खेपा. भुसाऱ्याच्या दुकानात यादी दिली की तो काय सांगतो, 'गूळ नाही, सुकी मिरची नाही, बाकी देतो', एकदाच सगळं सांगतो. गूळ नाही म्हणून यादी परत हातात देऊन 'घरी जाऊन गूळ खोडून या' असं म्हणणारा दुकानदार दुसऱ्या दिवशी चालेल का?

तारीख, वजन आणि दर एकमेकांवर अवलंबून नाहीत. तारीख चुकली तरी वजन तपासता येतंच. अशा ठिकाणी मोनाड लागतच नाही, एकमेकांवर अवलंबून नसलेल्या पायऱ्या जोडणारं अॅप्लिकेटिव्ह पुरतं, आणि अॅप्लिकेटिव्हमध्ये दोन्ही बाजू नापास झाल्या तर दोन्हीकडच्या चुका जोडून देता येतात. व्हॅलिडेशन नावाचा टाइप नेमका याच्यासाठी वापरतात, तयार पॅकेजेस आहेत, मी मात्र स्वतः लिहिला, दहा-बारा ओळी होतात. एक गोष्ट लक्षात ठेवायची, त्याला मोनाड इन्स्टन्स द्यायचा, म्हणजे तो मोनाड म्हणूनही वापरता येईल असं करायचा, मोह टाळायचा. चुका साठवणारा अॅप्लिकेटिव्ह आणि पहिल्या चुकीला थांबणारा मोनाड एकाच टाइपवर ठेवले तर दोन्ही सारखे वागले पाहिजेत हा नियम मोडतो, आणि कुणी सहज डू लिहिलं की चुका साठवणं बंद पडतं आणि कळतही नाही. जिथे खरोखरच एकावर एक अवलंबून आहे, म्हणजे आधी फाइल उघडली पाहिजे, मग हेडर सापडले पाहिजेत, मगच ओळी, तिथे मी आयदरच ठेवला. दोन्ही लागतात, आपापल्या जागी.

बदल करायला फार वेळ नाही लागला, कोड जवळजवळ तसाच, फक्त डू गेलं आणि अॅप्लिकेटिव्हची ती डॉलर आणि तारेची चिन्हं आली. पहिल्यांदा चालवलं आणि सव्वीसच्या सव्वीस चुका एकाखाली एक आल्या तेव्हा मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

पण त्या मामाला वाचता येत नव्हत्या.

नाव दाखवायला मी शो, म्हणजे किंमत कोडमध्ये लिहितात तशी दाखवणारं फंक्शन, वापरलं होतं. हॅस्केलमध्ये स्ट्रिंगवर शो केलं की आस्कीबाहेरची सगळी अक्षरं नंबर होऊन येतात. 'पणजी' लिहा आणि शो करा, येतं उलटी तिरकी रेघ २३४६, परत रेघ २३३९, मग २३३२, मग २३६८. प, ण, ज आणि ज ची वेलांटी. संपूर्ण एरर मेसेजमध्ये माणसाचं नाव म्हणून ही अशी माळ. शो काढून सरळ मजकूर छापायला गेले तर मामाच्या लॅपटॉपवर प्रोग्राम एरर सांगता सांगताच पडला, कारण तिथल्या काळ्या खिडकीचं कोडपेज, म्हणजे अक्षरसंच, देवनागरीचं नव्हतं आणि हॅस्केलला ते अक्षर बाहेर काढता येईना. चूक सांगताना चूक होणं म्हणजे १०८ नंबर न लागण्यासारखं आहे. उपाय साधा, प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेनच्या अगदी पहिल्या दोन ओळींत स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर, म्हणजे उत्तरं आणि चुका छापायच्या दोन वाटा, दोन्हींचं एन्कोडिंग यूटीएफ-८ (युनिकोड) करायचं, आणि प्रोग्राम चालवणाऱ्या बॅच फाइलमध्ये कोडपेज ६५००१ ची कमांड टाकायची. एका जुन्या लॅपटॉपवर फाँटमुळे अक्षरं तरीही चौकोनी दिसायची, म्हणून चुकांची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये पण लिहायला लागले, ती फाइल मोबाइलवर पण उघडते.

शो मात्र एका ठिकाणी देवासारखं धावून आलं. एक दिवस मेसेज आला, 'तारीख नावाचा कॉलम सापडला नाही. सापडलेले कॉलम: तारीख, नाव, वजन, दर, उचल.' मामेबहीण म्हणते ताई हा तर आहे ना पहिलाच! मी पण दहा मिनिटं बघत बसले. मग शो करून छापलं तर 'तारीख'च्या आधी ६५२७९ नंबरचं अक्षर. डोळ्याला न दिसणारं. स्प्रेडशीटमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की फाइलच्या सुरुवातीला ते चिकटतं, त्याला बॉम म्हणतात. हॅस्केलमध्ये फाइल वाचताना यूटीएफ-८ च्या जागी यूटीएफ-८-बॉम हे एन्कोडिंग दिलं की ते असेल तर काढून टाकतं, नसेल तर काही करत नाही. आता माझा नियम असा, मेसेजमध्ये मजकूर सरळ दाखवायचा, पण त्यात न दिसणारं अक्षर असेल तर तसं वेगळं सांगायचं, 'यात एक न दिसणारं अक्षर आहे'.

शब्दांवर खरा वेळ गेला. पहिल्या मराठी मेसेजमध्ये मी लिहिलं होतं 'अवैध वजन'. मामाचा लगेच फोन, आवाज चढलेला, "अवैध म्हणजे काय? काट्याला सरकारी शिक्का आहे आपल्या, दर वर्षी करून घेतो!" त्याच्या कानाला अवैध म्हणजे बेकायदेशीर, पेपरात वाळू आणि दारूच्या बातम्यांत येतं ते. त्याचं बरोबर होतं. बोलताना आपण कधी म्हणतो का अवैध आकडा? मी मामेबहिणीला विचारलं, तुला मी फोनवर सांगितलं असतं तर कसं सांगितलं असतं, आणि तसंच लिहिलं. आता येतं ते असं: 'ओळ ४७, वजन: इथे "बारा" असं अक्षरात लिहिलंय. आकड्यात लिहा, जसं १२ किंवा १२.५'. आधी कुठे, मग काय दिसलं, मग काय करायचं. काय दिसलं हे जसंच्या तसं दाखवायचंच, कारण नव्वद टक्के वेळा ते नुसतं बघूनच माणसाला कळतं.

ओळीच्या नंबरात पण गंमत आहे. मी प्रोग्रामरसारखं शून्यापासून मोजत होते, आणि हेडर धरत नव्हते. स्प्रेडशीटमध्ये हेडर ही ओळ १, म्हणजे पहिली एंट्री ओळ २. तिला समोर जो नंबर दिसतो तोच सांगायला हवा, म्हणून ओळींना नंबर जोडताना दोनापासून सुरू केलं. आणि फाइलमधल्या ओळी मोजायच्या नाहीत, रेकॉर्ड मोजायचे, कारण शेऱ्याच्या घरात कुणी एंटर मारला असेल तर फाइलमध्ये एका रेकॉर्डच्या दोन ओळी होतात आणि पुढचे सगळे नंबर एकाने सरकतात.

एकदा तिने मध्येच 'गाव' म्हणून नवीन कॉलम घातला आणि १२३६ चुका आल्या, प्रत्येक ओळीत तीन. तेव्हापासून प्रोग्राम कॉलम जागेवरून न ओळखता नावावरून ओळखतो, आणि एकाच प्रकारची चूक दहाच्या वर गेली तर पहिल्या तीन दाखवून 'अशा आणखी इतक्या' म्हणतो.

एक्झिट कोडची चूक मात्र माझीच, आणि सुधारणा करताना झालेली. पूर्वी रीड पडायचं तेव्हा प्रोग्राम आपोआप एक्झिट कोड (बंद होताना मागे ठेवायचा आकडा) १ ने बंद व्हायचा आणि बॅच फाइल तिथेच थांबायची. मी चुका छान छापायला लागले, छापून झाल्यावर मेन आपलं नीट संपलं, म्हणजे कोड शून्य, म्हणजे सगळं आलबेल. बॅच फाइल पुढे गेली आणि तिने गेल्या शनिवारच्या चिठ्ठ्या परत छापल्या. नशीब मामीने कागद बघितले, एका माणसाचं नाव या आठवड्यात आलंच नव्हतं. आता चुका स्टँडर्ड एररवर जातात आणि शेवटी प्रोग्राम एक्झिटविथ ने बाहेर पडतो, फाइलमध्ये चूक असेल तर १, कमांडच चुकली असेल तर २, नुसत्या शंका असतील तर शून्य.

त्याचाच भाऊ म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल. हॅस्केल लेझी, गरज लागेपर्यंत काही मोजत नाही, त्यामुळे चिठ्ठ्यांची फाइल लिहायला सुरुवात होते, १५० चिठ्ठ्या लिहून होतात आणि मग कुठेतरी आत दडलेली एरर फुटते. एरर पकडणारं ट्राय लावलं तरी उपयोग नाही जर आत नुसतं रिटर्न केलं असेल तर, किंमत मोजलीच गेलेली नसते, एरर ट्रायच्या बाहेर जाऊन फुटते, तिथे किंमत लगेच मोजायला लावणारं इव्हॅल्युएट लागतं. मी आधी सगळ्या ओळी पूर्ण तपासून घेते, एकही चूक नाही हे कळल्यावरच लिहायला लागते, आणि तेही तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये, पूर्ण झाली की रीनेम.

कमांड लाइनचे ऑप्शन्स ऑप्टपार्स-अॅप्लिकेटिव्हवर आहेत, त्यात ऑटो या तयार फंक्शनच्या जागी आयदररीडर वापरलं की आपला स्वतःचा मेसेज देता येतो, तिथेही तोच तारखेचा पार्सर लावला. ते अर्ध्या तासाचं काम होतं, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही.

कंसाचा तो जुना हिशेब आम्ही दोन्ही सीझनच्या फाइल्स नव्या प्रोग्राममधून काढून परत लावला. सगळा फरक मामाच्या बाजूने तोट्याचा होता, त्याने तो कुणाकडे मागितला नाही, म्हणाला दिलं ते दिलं. मला अजून ते बोचतं.

मेच्या दुसऱ्या शनिवारी फोन आलाच नाही. रविवारी मीच केला, तर मामेबहीण म्हणाली सात चुका होत्या, दहा मिनिटांत नीट केल्या, चिठ्ठ्या पण गेल्या. मग म्हणाली, "पण ताई, खोऱ्यातले गावस दोनदा येतात." एकाच माणसाच्या दोन चिठ्ठ्या, नाव अक्षर न अक्षर सारखं. फाइल मागवून शो करून बघितलं. एका ठिकाणी 'ऱ्या' नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ने टाईप केलेला, मोबाइलवरून, आणि दुसरीकडे साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा, लॅपटॉपवरून. दिसायला एक, आत दोन वेगळी नावं. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारखी अक्षरं एका रूपात आणणं, या दोघांना एक करत नाही, ते बघितलं. सध्या माझ्याच छोट्या फंक्शनने दोन्हीचा एकच 'ऱ्या' करते आहे, आणि वेगळी लिहिलेली दोन नावं त्यानंतर एक झाली की प्रोग्राम शंका म्हणून सांगतो, 'ही दोन नावं एकाच माणसाची आहेत का?' त्याचं उत्तर मामालाच माहीत, त्या वाड्यावर गावस नावाची किती घरं आहेत ते त्याने मला बोटांवर मोजून दाखवलं होतं.